‘मी सांभाळून घेईन’ म्हणणाऱ्या मुलीला

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू आलीस, दोन तास बसलीस, चहा थंड केलास आणि निघताना दारात चपला घालता घालता म्हणालीस, “काका, एवढं काही नाही हो, मी सांभाळून घेईन.” हे पत्र त्या एका वाक्यामुळे लिहितोय. बाकीचं बोलणं ठीक होतं. कर्जदाराचं नाव तू घेतलं नाहीस, मी विचारलं नाही, तेही ठीकच. पण ते वाक्य रात्रभर कानातून गेलं नाही.

तू हुशार आहेस, कष्टाळू आहेस, वगैरे इथे लिहीत बसणार नाही. बँकेचा पैसा लोकांचा असतो हेही तुला शिकवायला नको. तुझा घोळ वेगळा आहे. एका मोठ्या कर्जाचं प्रकरण तुझ्या टेबलावर आलंय आणि त्यावर तुझी शिफारस हवी आहे. दुसरीकडे त्याच गोटातले लोक तुला नगरपालिकेचं तिकीट देऊ करतायत. वॉर्ड महिला राखीव झालाय आणि त्यांना शिकलेला, डाग नसलेला चेहरा पाहिजे. तू मला विचारलंस, “बँकेतला माणूस राजकारणात जाऊन सरळ राहू शकतो का?” मी गप्प बसलो म्हणून तुला वाईट वाटलं असेल. मला एक माणूस आठवला होता. पण त्याची गोष्ट सांगायला घेतली असती तर तुझी शेवटची एसटी चुकली असती.

ह्यू मॅककुलॉक. हे नाव तू ऐकलेलं नसणार, कोणीच ऐकलेलं नसतं. मी नोकरीत नवा असताना एका प्रशिक्षण वर्गात आमच्या मास्तरांनी सायक्लोस्टाईलचा एक कागद वाटला होता. त्यावर १८६३ साली या अमेरिकन माणसानं आपल्या देशातल्या बँकांना लिहिलेलं पत्र होतं. बाकीच्यांनी त्या कागदावर वडे ठेवून खाल्ले. मी घडी करून खिशात घातला, आणि तो अजून माझ्या टेबलाच्या खणात आहे. ठेवला म्हणजे पाळला असं नाही. त्याबद्दल पुढे सांगतो.

हा माणूस जन्मला १८०८ साली, मेन राज्यातल्या केनेबंक गावी. (गावाच्या नावातच बंक! मास्तरांनी यावर विनोद केला होता, आम्ही कोणी हसलो नाही.) बाप जहाजं बांधणारा, चांगला तालेवार. इंग्लंडशी झालेल्या १८१२ च्या युद्धात समुद्री व्यापार बसला आणि घरही बसलं. पोरगा बोडन कॉलेजात गेला, ते पुरं केलं नाही. शाळेत शिकवलं, वकिली शिकला आणि १८३३ मध्ये पश्चिमेकडे इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेनला येऊन पोचला. तेव्हा ते गाव म्हणजे काही शेकड्यांची वस्ती, भोवती जंगल, आणि कालव्याचं खोदकाम चाललेलं. तिथे वकिलीची पाटी लावली. दोन वर्षांत म्हणजे १८३५ ला इंडियानाच्या स्टेट बँकेची शाखा गावात निघाली आणि हा तिचा कॅशियर झाला. तिथला कॅशियर म्हणजे खिडकीत बसून नोटा मोजणारा नव्हे, शाखेचा सगळा कारभारीच. बँकिंगचं ज्ञान शून्य, असं त्यानं स्वतःच पुढे लिहून ठेवलंय. मला त्याची ही कबुली फार आवडते. आपल्याकडे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सगळं येत असतं.

त्या बँकेची घडण नीट समजून घे, कारण मॅककुलॉक जो घडला तो तिथे घडला. भांडवलाचा निम्मा वाटा राज्याचा, निम्मा लोकांचा. गावोगाव शाखा, प्रत्येक शाखेचं भांडवल वेगळं, नफा ज्याचा त्याचा. मात्र एखादी शाखा बुडाली तर तिच्या नोटांची भरपाई बाकीच्या शाखांनी करायची. आता विचार कर. शेजारच्या गावचा कारभारी कोणाला उधार देतो, हा त्याचा खासगी मामला उरतच नाही. त्याच्या मेव्हण्याला दिलेलं कर्ज शेवटी तुझ्या तिजोरीतून जाणार. म्हणून सगळे एकमेकांवर डोळा ठेवून असत, आणि वरचं मंडळ शाखांची कसून तपासणी करी. तिथे “मी सांभाळून घेईन” असं कोणी म्हणालं असतं तर बाकीच्यांनी विचारलं असतं, “कोणाच्या पैशानं?” आपल्या सहकारी बँका निघाल्या त्याही याच भावनेतून, एकमेकांना जामीन राहण्यातून. पुढे जामीन राहणं फक्त फॉर्मवर उरलं.

१८३७ च्या घबराटीत त्यांनाही नोटेच्या बदल्यात सोन्या-चांदीचं नाणं देणं थांबवावं लागलं. वीस वर्षांनी, १८५७ च्या ऑगस्टात ओहायोतली एक मोठी वित्त कंपनी बुडाली आणि पुन्हा तीच धावाधाव सुरू झाली. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या बँकांनीही नाणं देणं बंद केलं. जुन्या बँकेची सनद संपून तिच्या जागी आलेल्या नव्या बँकेचा मॅककुलॉक तेव्हा अध्यक्ष होता. तिनं नाणं देणं थांबवलं नाही. साऱ्या देशात अशा बँका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. याचं श्रेय लोक त्याच्या धीराला देतात. मी देत नाही. वाईट दिवसात धीर दाखवता येतो तो चांगल्या दिवसात कोणाला ‘नाही’ म्हटलं होतं त्याच्या जोरावर. घबराटीच्या सकाळी जाऊन काही करता येत नाही, ते आधीच होऊन गेलेलं असतं.

आता राजकारण. लिंकनच्या सरकारला यादवी युद्धासाठी पैसा हवा होता. त्याचा अर्थमंत्री सॅल्मन चेस यानं राष्ट्रीय बँकांची योजना मांडली. बँकांनी सरकारी रोखे घेऊन सरकारजमा करायचे आणि त्यांच्या आधारावर सारख्या छापाच्या नोटा काढायच्या. तोवर हजाराहून अधिक बँकांच्या हरतऱ्हेच्या नोटा चालत. दुकानदार खोट्या नोटा ओळखायची छापील पुस्तकं गल्ल्याशेजारी ठेवत. तरी मॅककुलॉकचा या योजनेला विरोध होता. इंडियानातच रोख्यांच्या आधारावर निघालेल्या कितीतरी बँका त्यानं डोळ्यांदेखत आपटलेल्या पाहिल्या होत्या. शिवाय त्याच्या स्वतःच्या, उत्तम चाललेल्या बँकेच्या मुळावर येणारी गोष्ट होती ती. १८६२ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला तो ही योजना हाणून पाडायला. १८६३ च्या फेब्रुवारीत कायदा झालाच. आणि चेसनं या नव्या बँकांवर देखरेख करणारं पद, ‘कॉम्प्ट्रोलर ऑफ द करन्सी’, देऊ केलं ते ह्यालाच! त्यानं घेतलं.

इथे तू म्हणशील, बघा, म्हणजे माणसं बाजू बदलतात. हो, बदलतात. मीही यावर पुष्कळ डोकं खाजवलंय. माझा निवाडा असा: विरोध हरल्यावर त्यानं कुरकुरत घरी बसण्यापेक्षा ती गोष्ट नीट चालवायचं काम घेतलं, यात मला गैर वाटत नाही. गैर झालं असतं ते त्यानं आपली जुनी मापं वॉशिंग्टनच्या स्टेशनावर टाकून दिली असती तर. ती त्यानं बरोबर नेली. १८६३ च्या डिसेंबरात नव्या राष्ट्रीय बँकांना, तेव्हा त्या नुकत्याच शंभरावर गेल्या होत्या, त्यानं जे पत्र पाठवलं तोच माझा खणातला कागद.

त्यातलं काय काय सांगू? कर्ज एकवटू नका, विखरून द्या. मोठा कर्जदार बँकेवर स्वार होतो आणि मग शेवटी कोण मार खाणार ते सांगायला नको. मुदत भरली की पैसे परत घ्या, तुम्हाला गरज असो वा नसो. हे वसूल झाले तर कुठे गुंतवू, असा प्रश्न पडतो म्हणून नवं-जुनं, म्हणजे जुन्याच्या जागी नवं कर्ज, करून देऊ नका. (नवं-जुनं! एकशे साठ वर्षांपूर्वी! हा शब्द अर्थात आपला, पण रोग तोच.) एखादं कर्ज द्यावं की न द्यावं अशी शंका आली तर शंकेचा फायदा बँकेला द्या आणि नाही म्हणा. ग्राहकाशी मोकळ्या हातानं वागा, त्याची भरभराट ती तुमची भरभराट, पण तुमचं धोरण त्याला ठरवू देऊ नका. नोकरांना इतका पगार द्या की चोरी न करता नीट जगता येईल, आणि जो पगाराबाहेर राहतो त्याला काढा, त्यानं कितीही पटण्यासारखं कारण सांगितलं तरी काढा. दिपवून टाकणारे अर्थपंडित बहुधा ढोंगी असतात नाहीतर लबाड.

आणि मग ते वाक्य, ज्याच्याखाली मी तेव्हा लाल पेन्सिलीनं रेघ मारली: लबाड माणसाशी, ‘मी आहे, मला फसवू देणार नाही’ अशा समजुतीवर कधीही व्यवहार करू नका. ग्राहकाच्या सचोटीबद्दल शंका घ्यायला कारण मिळालं की त्याचं खातं बंद करा.

पुन्हा वाच. लबाडाला कर्ज देऊ नका, एवढंच तो म्हणत नाही. ते कोणीही सांगेल. तो तुझ्याशी बोलतोय. ज्याला कळलंय की समोरचा लबाड आहे, आणि तरी वाटतंय की आपण त्याच्यापेक्षा शहाणे आहोत, त्याच्याशी. भोळा अधिकारी बँक बुडवत नाही गं. भोळ्याला कोणी मोठं प्रकरण देतच नाही. बुडवतो तो हुशार, ज्याला सगळं दिसतं आणि जो म्हणतो, मी सांभाळून घेईन.

मला कसं माहीत? ऐक मग.

नव्वद सालच्या आसपास मी सांगलीकडच्या एका शाखेत होतो. बँकेचं नाव सोड. एक हळदीचा व्यापारी, माल तारणावर कॅश क्रेडिट मागत होता. माल हरिपूरच्या पेवांत. तू पेव पाहिलंस का कधी? कृष्णाकाठच्या त्या मातीत खोल खड्डा, पोट मोठं आणि तोंड लहान, रांजण पुरल्यासारखा. हळद भरून तोंड बंद करून वर माती लोटायची. वर्षानुवर्षं कीड लागत नाही. उघडायचं झालं तर आधी तासन्‌तास उघडं ठेवायचं, मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला तर आत माणूस उतरवायचा नाही.

तो व्यापारी पहिल्या भेटीतच मला आवडला नव्हता. दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे बोलला होता, आणि मी ते डायरीत टिपूनही ठेवले होते. मी त्याच्याबरोबर हरिपूरला गेलो. त्यानं सपाट मातीकडे बोट दाखवून सांगितलं, हे एक, ते दुसरं, त्या बाभळीखाली तिसरं. मी म्हटलं, एखादं उघडून दाखवा. तो हसला. “साहेब, पेव एकदा फोडलं की माल विकावाच लागतो. आत्ता भाव पडलाय. तुमचीच वसुली कमी होईल.” पटण्यासारखं होतं. मी मातीवर पाय आपटून पाहिला, काय कळणार होतं देव जाणे. संगमेश्वराच्या देवळापाशी चहा घेतला आणि शाखेत येऊन शिफारस लिहिली. शिफारशीत अटी घातल्या. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, दर तिमाहीला तपासणी, वाढीव तारण म्हणून घर गहाण. मला वाटलं, कसा जखडला! मी सांभाळून घेईन.

स्टेटमेंटं वेळेवर येत, सुंदर टाइप केलेली. तिमाहीची तपासणी म्हणजे पुन्हा तीच माती, तीच बाभूळ. दोन वर्षांनी माझ्या जागी आलेल्या माणसानं एक पेव फोडलं. सकाळी तोंड उघडलं, दुपारी कंदील सोडला. कंदील विझला नाही, आणि त्याच्या उजेडात खाली तळ दिसला. कोपऱ्यात दोन-चार पोती.

आता हेही लिहितो, नाहीतर तू म्हणशील काका सगळं स्वतःच्या अंगावर घेतात. ठराव संचालक मंडळाचा होता. माझी फक्त शिफारस होती. चेअरमनचा फोन आला होता, एकदा नव्हे, तीनदा. मी शिफारस नाकारली असती तर माझी बदली होऊन दुसऱ्यानं दिली असती. आणि माझ्या त्या अटी पुढच्या चौकशीत वाखाणल्या गेल्या, मला साधा मेमोसुद्धा मिळाला नाही. हे सगळं खरं आहे. गेली तीस वर्षं मी हे स्वतःला सांगतोय. बँकेवर पुढे निर्बंध आले ते अशा अनेक कर्जांमुळे, एका हळदीमुळे नव्हे, हेही खरंच. पण शाखेबाहेरच्या रांगेत आमच्या आळीतली कासारीण उभी होती, पिग्मीचं पासबुक दुधाच्या पिशवीत गुंडाळून. तिनं मला विचारलं, “साहेब, तुम्ही होता ना हितं?” होतो. काय सांगणार होतो तिला, अटी वाचून दाखवू?

असो. मॅककुलॉककडे येऊ.

१८६५ च्या मार्चमध्ये लिंकननं त्याला अर्थमंत्री केलं. पाच आठवड्यांत लिंकनला गोळी लागली. नाटकगृहासमोरच्या ज्या घरात त्याला नेलं, तिथे त्या रात्री जमलेल्यांत हाही होता. मग लिंकनच्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सनच्या हाताखाली १८६९ पर्यंत. फोर्ट वेनचा कारभारी आता देशाच्या तिजोरीवर! युद्धाआधी साडेसहा कोटी डॉलरच्या घरात असलेलं सरकारी कर्ज २८० कोटींच्या आसपास गेलेलं. बाजारात ‘ग्रीनबॅक’, म्हणजे मागे सोनं नसलेल्या हिरव्या पाठीच्या नोटा, चाळीस कोटींहून जास्त. त्याचं म्हणणं सरळ होतं, सरकारनं वचन दिलंय तर नोटेला नाणं मिळालं पाहिजे, आणि त्यासाठी या नोटा हळूहळू काढून घ्यायला हव्यात. डिसेंबर १८६५ मध्ये प्रतिनिधीगृहानं त्याच्या पाठीशी ठराव केला. १४४ विरुद्ध ६!

हा आकडा भिंतीवर लिहून ठेव. तुला तिकीट देणारे आज असेच १४४ जण आहेत.

एप्रिल १८६६ मध्ये कायदा झाला तेव्हाच त्याचे हात बांधले गेले. पहिल्या सहा महिन्यांत एक कोटी डॉलरच्या नोटा काढता येतील, पुढे महिन्याला फार तर चाळीस लाखांच्या. भाव पडले, कर्जबाजारी शेतकरी ओरडू लागले, आणि फेब्रुवारी १८६८ मध्ये संसदेनं हे काम बंदच पाडलं. एकूण निघाल्या सुमारे ४ कोटी ४० लाखांच्या नोटा, उरल्या ३५ कोटी ६० लाखांच्या. नोटेला नाणं मिळायला लागलं ते १ जानेवारी १८७९ ला, तेव्हा हा कधीचा पदाबाहेर होता. शेतकऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. स्वस्त पैशात काढलेलं कर्ज महाग पैशात फेडायला कोणालाही जड जातं, आणि हे त्याच्यासारख्या सावकारी पेशाच्या माणसाला आतून कधी कळलं नसावं. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या प्रश्नावर तो जॉन्सनच्या बाजूला राहिला, नुकत्याच सुटलेल्या गुलामांच्या बाजूला नव्हे. तिथे मी त्याच्याबरोबर नाही. हिशोबाच्या वहीत चोख असलेला माणूस सगळीकडेच चोख असतो असं समजू नकोस.

पण तुला ज्यासाठी हे सगळं सांगतोय ते इथून पुढे आहे.

युद्धाच्या काळात सरकारी रोखे विकणारा सर्वांत नामांकित माणूस म्हणजे फिलाडेल्फियाचा जे कुक. वर्तमानपत्रांतून जाहिराती, खेडोपाडी दलाल. ७.३० टक्क्यांचे रोखे निघाले तेव्हा हिशोब किती सोपा: शंभर डॉलरला रोज दोन सेंट व्याज. शेतकऱ्याच्या बायकोलाही कळावं. हा कुक म्हणजे दिपवणाऱ्या अर्थपंडितांचा मुकुटमणी. मंत्रिपद सुटल्यावर १८७० मध्ये मॅककुलॉक त्याच्याच लंडनच्या पेढीत भागीदार झाला. पेढीवर त्याचं नाव लागलं, ‘जे कुक, मॅककुलॉक आणि कंपनी’. त्याच सुमारास कुकनं नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचं काम अंगावर घेतलं. निर्जन मुलखातून जाणारा लोहमार्ग, रोखे कोणी घेईनात, म्हणून पेढीतूनच पैसा ओतत राहिला. एकाच कर्जदाराला. कर्ज एकवटू नका म्हणणाऱ्या माणसाचं नाव ज्या पाटीवर, तिच्या मूळ पेढीत हे चाललेलं. १८ सप्टेंबर १८७३ ला जे कुकनं दारं लावली. दोन दिवसांनी न्यूयॉर्कचा शेअर बाजार बंद झाला तो दहा दिवस. पुढची काही वर्षं देशात मंदी होती. मुक्त झालेल्या गुलामांसाठी काढलेली एक बचत बँक होती, तिचे व्यवहार कुकच्या भावाच्या हातून या पेढीत गुंतलेले. ती १८७४ मध्ये बंद पडली. साठ हजारांवर ठेवीदार. धुणी धुवून, मजुरी करून साठवलेले पैसे.

मॅककुलॉक तेव्हा लंडनमध्ये होता, अमेरिकेतले निर्णय त्याचे नव्हते. लंडनची पेढी पुढे त्याच्या एकट्याच्या नावावर चालू राहिली. खोट्यात तो कुठेही नव्हता. अगदी माझ्यासारखं. ठराव दुसऱ्यांचा, अटी चोख, मेमो नाही.

आता मला सांग, ज्यानं ते वाक्य लिहिलं, ज्याला ते आपल्या सगळ्यांपेक्षा जास्त कळत होतं, तो कुकच्या पाटीखाली का गेला असेल? पैशासाठी? थोडंफार. मला वाटतं तोही मनात म्हणाला असणार, मी आहे ना, मी सांभाळून घेईन. हा माझा तर्क, त्याच्या आठवणींत असं काही नाही. पण मी त्या बाभळीखाली उभा होतो, म्हणून मला तो तर्क करायचा हक्क आहे असं मी समजतो.

तू म्हणालीस, “निवडून आले तर उलट माझाच वचक राहील त्यांच्यावर.” पोरी, कसला वचक? तुझी पत्रकं कोण छापणार? बूथवरच्या पोरांना जेवण कोण घालणार? पाच वर्षं तुझ्या दारात गाडी कोणाची उभी राहणार? वचक त्याचाच राहील, आणि तो तुला ‘ताई’ म्हणत ठेवेल. मला हे लिहिताना राग येतोय. तुझा नाही येत, त्या वाक्याचा येतो, आणि ते मी किती ठिकाणी ऐकलंय ते आठवून येतो. चेअरमनांकडून ऐकलं, सरपंचांकडून ऐकलं, लग्न ठरवताना मुलीच्या बापाकडून ऐकलं. आरशात ऐकलं.

राजकारणात जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये, हे नीट समज. मॅककुलॉक गेलाच की. पंचाहत्तराव्या वर्षी, १८८४ मध्ये, राष्ट्राध्यक्ष आर्थरनं पुन्हा बोलावलं तर थोड्या महिन्यांसाठी पुन्हा अर्थमंत्री होऊन आला. १८९५ मध्ये गेला. तो गेल्यावर १९०२ च्या मालिकेत राष्ट्रीय बँकांची वीस डॉलरची नोट निघाली, तिच्यावर त्याचा चेहरा छापला. ज्या बँकांना विरोध करायला वॉशिंग्टनला गेला, त्यांच्याच नोटेवर! मला ती नोट एकदा हातात धरायची आहे, पण आता या वयात कुठे शोधू.

जायचं तर जा, पण आधी हे प्रकरण तुझ्या टेबलावरून संपव. तिकिटाचं बोलणं आणि कर्जाचं बोलणं एकाच खोलीत, एकाच चहाबरोबर झालं असेल तर तेवढंच पुरेसं आहे. शंकेचा फायदा बँकेला. टिपणीत ‘शिफारस करता येत नाही’ असं लिही, आणि का ते लिही, आकड्यांनिशी. अटी घालू नकोस. मी तुला गयावया करून सांगतो, अटी घालू नकोस. अटी म्हणजे हुशार माणसाचा ‘हो’. चेअरमनांचा फोन आला तर ‘लेखी कळवा’ म्हण. ते कळवणार नाहीत. बदली करतील. करू देत, मी तुझ्या आईला समजावून सांगीन. त्या लोकांचं तिकीट नाकार. स्वतःच्या जिवावर उभी राहायचीस तर राजीनामा दे आणि मग उभी राहा, पडलीस तरी पहिला हार मी घालीन. पडशीलच बहुतेक.

आणि जे माल तारण तू कागदावर पाहिलंस म्हणालीस, ते उघडून बघितलंस का? मला खरं उत्तर हवंय. गोदाम आहे ना? मग मागच्या रांगेतलं पोतं काढायला लाव, पुढचं नको. हमाल कुरकुर करतील, त्यांना चहाला पैसे दे, माझ्याकडून.

रविवारी ये. टिपणीचा कच्चा मसुदा बरोबर आण, मी लाल पेन्सिल टोक करून ठेवतो. सायक्लोस्टाईलचा कागद मात्र देणार नाही. घड्यांवर फाटलाय, शाई उडालीये, आणि ते वाक्य आता माझ्या त्या रेघेमुळेच काय ते सापडतं. इथेच बसून उतरवून घे.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
काका